वाजते म्हणजे जागा आहे

मामी आमच्या खोलीत आल्या की आधी बसायच्या नाहीत, पाणीही मागायच्या नाहीत. चपला दाराशी काढून सरळ फडताळाकडे जायच्या, मिठाच्या बरणीमागे हात घालून माझी मातीची गुल्लक बाहेर काढायच्या आणि कानाशी धरून हलवायच्या. एक डोळा मिटलेला. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो ना, अगदी तसा चेहरा. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाजूला उभी. आतली नाणी खुळखुळली की मामींचा निकाल लागायचा.

"वाजते. वाजते म्हणजे जागा आहे."

मग गुल्लक परत जागच्या जागी ठेवून पाटावर बसायच्या आणि म्हणायच्या, "आता दे पाणी."

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई आली असेल, जी दुसऱ्याच्या घरातल्या एकाच वस्तूवर स्वतःचा हक्क धरून असते. कुणी सासूसारखी तेलाच्या बरणीकडे बघते, कुणी देवळीत दिवा लागला का ते बघते. मामी माझ्या गुल्लकेकडे बघायच्या. माझी सख्खी मामी नव्हती ती. नात्याची तर नव्हतीच. पण लखनौमध्ये विदर्भाकडचं माणूस भेटलं की नातं जोडायला वेळ लागत नाही.

मी तिथे गेले ती लग्न होऊन. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव, शाळा सातवीत सुटलेली, हिंदी म्हणजे रेडिओवर ऐकलेली तेवढीच. हे टेलिफोन खात्यात खांब उभे करणं, तारा ओढणं अशा कामावर होते. नोकरी कच्ची. 'कच्ची' हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारला जायचा, की मला खोलीच्या भिंतीसुद्धा कच्च्या वाटायला लागल्या होत्या. अलीगंजमध्ये एक खोली आणि पुढे पत्र्याखाली स्वयंपाकाची जागा, एवढा आमचा संसार. खाली घरमालक. मागच्या गल्लीत मामी. मामा टपालखात्यात होते, डाकगाडीच्या डब्यात बसून रात्रभर टपाल निवडायचे. गेले की दोन-दोन, तीन-तीन दिवस यायचे नाहीत.

मामींची माझी ओळख भाजीच्या गाड्यावर झाली. मी भोपळा घेतला होता. भाजीवाला म्हणाला, "बहू जी, छुट्टा तो है नहीं," आणि उरलेल्या पैशांच्या बदल्यात त्याने माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली. मी मान हलवून निघाले. मला तेव्हा प्रत्येकाची भीती वाटायची, भाजीवाल्याचीसुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ भैया, धनिया वापस ले. बच्ची के पैसे दे."

"अम्मा जी, कसम से, छुट्टा नहीं है."

"नहीं है तो आएगा. हम रुकते. अपने को कौनसी गाड़ी पकड़ना है?"

आणि खरोखरच त्या तिथे थांबल्या. नुसत्या थांबल्या नाहीत, तर त्याच्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं, त्याच्या दाढेचं काय झालं, सगळं विचारत थांबल्या. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. चौथ्यानं चिल्लर दिली, ती मामींनी त्याच्या हातातून माझ्या हातात वळती केली. मग माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे पाहून म्हणाल्या, "कोणत्या गावची वं तू?"

ते आमच्याकडचं 'वं' कानावर पडलं आणि मी भर रस्त्यात रडायला लागले. भाजीवाल्याला वाटलं त्याच्यामुळेच. त्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली.

दुसऱ्या दिवशी मामी गुल्लक घेऊन आल्या. तिकडे कुंभार दिवाळीला विकतात तसली, लाल मातीची, पोटाला गोल आणि वर एक चीर. कनवटीचं एक पिवळं वीस पैशांचं नाणं काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ दोन्ही हातांनी मिटवली.

"नोट त्यांची. चिल्लर आपली. समजलं?"

मला काही समजलं नव्हतं. त्यांनी समजावलं. पगार येतो तो नोटांचा. नोटेचा हिशोब घरचा माणूस ठेवतो, ठेवू दे. पण शर्ट धुताना खिशातून जे पडतं, रद्दीवाला जे वरचं देतो, भाजीतून जे वाचतं, ते बाईनं मातीत टाकायचं. दुधाचे म्हणून दिलेले पैसे मात्र त्यात टाकायचे नाहीत. तो खोटेपणा झाला.

"आणि हे कशासाठी, मामी?"

"घरी जायसाठी."

"रुसून?"

मामी खो खो हसल्या. "रुसून जायले पैसे कायले पाहिजे? दोन पाय पुरतात. हे बोलावणं आलं तर. आलं की मंग कोणाचं तोंड पाहाचं नाही. फोडाचं आन् निघाचं."

मी नाणं चिरेतून टाकलं. रिकाम्या गुल्लकेत एका नाण्याचा आवाज किती मोठा होतो, हे तुम्ही कधी ऐकलंय का? मी दचकले. मामी म्हणाल्या, "भेऊ नको. कमी असते तेव्हाच जास्त वाजते."

त्यांच्या घरी भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्या खाली, ट्रंकेवर, त्यांची स्वतःची गुल्लक. हाताच्या घामाने आणि धुराने काळी पडलेली. मी एकदा त्यांच्यासारखाच एक डोळा मिटून ती हलवायला गेले. एका हाताने उचलेचना. दोन्ही हातांनी उचलून हलवली, तर आवाजच नाही.

"मामी, ही वाजत नाही."

"भरली."

"मग फोडत का नाही?"

"बोलावणं कुठं आलं?" असं म्हणून त्या तांदूळ निवडायला लागल्या.

पुढे चिल्लरीचा फार तुटवडा पडला. लोक म्हणायचे, नाणी वितळवून भांडी करतात. खरं-खोटं कोण जाणे. दुकानदार सुट्ट्या पैशांच्या जागी टॉफी द्यायचे, काडेपेटी द्यायचे, एकाने तर मला पोस्टाचं तिकीट दिलं होतं. बसमध्ये कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर उरलेले पैसे लिहून द्यायचा आणि आपण उतरताना तो नेमका दुसऱ्या दाराशी असायचा. शंभराची चिल्लर हवी असेल तर वर बट्टा मोजावा लागायचा. मी मुखदुर्बळ. टॉफी दिली की टॉफी घेऊन यायचे. आमच्या मुलीला तेव्हा दातही आले नव्हते आणि घरात टॉफीचा डबा भरलेला. गुल्लक मात्र महिनोन् महिने तितकीच वाजायची.

मामींनी तो डबा एकदा उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "या टॉफ्या घेऊन घरी जायले झाशीची गाडी भेटन का तुले? टीसीच्या तोंडात देशीन?"

स्वतः मामी एक पैसा सोडायच्या नाहीत. आणि तरीही, हे लक्षात घ्या, गल्लीत कुणाचं अडलं तर चिल्लर मामींकडेच मिळायची. गुल्लकेतली नाही, रोजच्या वापराच्या डब्यातली. नोट घेऊन यायचं, तितकीच चिल्लर न्यायची, बट्टा नाही. पानवाला, रिक्षावाला, दवाखान्याला निघालेली बाई, सगळे यायचे.

आता एवढी चिल्लर त्या आणायच्या कुठून? तर देवळातून. आमच्या अलीगंजला जेठ, म्हणजे आपल्या ज्येष्ठ, महिन्यातल्या मंगळवारी हनुमानाच्या दर्शनाला सगळं शहर लोटतं. रस्त्यारस्त्यावर मांडव, सरबत, पुरी-सब्जी, बुंदी. मामी घरी सकाळी बुद्धवंदना करायच्या आणि मग दुपारी नोटा घेऊन देवळाबाहेरच्या फुलवाल्यांकडे जायच्या. पदर भरून चिल्लर आणायच्या. मी एकदा विचारलं, "मामी, तुम्ही देवळात?"

"देवळात कुठं? देवळाच्या बाहेर. त्या देवाशी आपलं काही भांडण नाही, काही घेणं नाही. पण त्याच्या दारात चिल्लर चांगली भेटते."

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीनं टांगलेला होता. पानवाला सांगायचा की घरात चिल्लर साठवणं गुन्हा आहे, पोलीस धाड घालतात. कानपूरला म्हणे एकाच्या घरातून पोतं निघालं आणि त्याला बेड्या घालून नेलं. मी ते ऐकलं आणि माझं अन्न तुटलं. आमची नोकरी कच्ची. पोलीस नुसता दाराशी येऊन गेला तरी साहेब कामावरून काढून टाकेल. मग खायचं काय, जायचं कुठे? मिठाच्या बरणीमागून मी गुल्लक तांदळाच्या डब्यात हलवली. तिथेही चैन पडेना म्हणून रजयांच्या पेटीत, सगळ्या रजयांच्या खाली. ती दडवताना हे आले.

"जेठमध्ये रजई कुठे निघाली?"

"ऊन दाखवते."

"बघ हं," हे म्हणाले, "रजईला उन्हाची लू लागेल."

ते हसत बाहेर गेले आणि मी पेटीवर बसून राहिले.

मामींनी पुढच्या फेरीला बरणीमागे हात घातला, तर हाताला काही लागेना. "कुठं पळाली?"

मी सगळं सांगितलं. पानवाला, कानपूर, बेड्या, कच्ची नोकरी. मामी ऐकत राहिल्या. वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत. पाटावर बसल्या, पाणी न मागताच, आणि म्हणाल्या, "पोलीस आला तर त्याले चहा पाज. सांग, माहेरी जायचं भाडं आहे. त्याले काय बहीण नसन?"

"पण मामी, नोकरी..."

"माह्यं ऐक." आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

त्या नवीनच लखनौला आल्या होत्या. भंडाऱ्याकडून तार आली, माय आजारी आहे. मामा डाकगाडीवर, कुठल्या स्टेशनात असतील ते ठाऊक नाही. घरात पैसे नाहीत. मामी दारोदार गेल्या. "कोणीच नाही म्हटलं नाही, पोरी. इथले लोकं लई गोड. बसा म्हटलं, पाणी देलं. सारे म्हणत, कल कर देंगे इंतज़ाम. उद्या देतो. उद्या." त्यांनी पाटाची कड चाचपली. "उद्याच्या दिवशी दुसरी तार आली."

खाली रस्त्यावर बर्फवाला ओरडत गेला. मामींनी उठून मला रजया उपसायला लावल्या, गुल्लक काढली, बरणीमागे ठेवली.

"तिची जागा तीच. हातासरशी पाहिजे."

माझी भीती गेली नाही. खोटं कशाला सांगू? जिन्यावर बूट वाजले की माझं लक्ष बरणीकडे जायचं. पण गुल्लकेची जागा मी पुन्हा बदलली नाही.

तार आली ती अशाच एका जेठाच्या मंगळवारी. रस्त्यात मांडव, भोंगे, पुऱ्यांचा वास. तारवाला घामाघूम होऊन जिना चढला. तार इंग्रजीत. मी ती उलटी-सुलटी धरली तेव्हा त्यानेच माझ्या हातून घेतली आणि खालच्या आवाजात सांगितलं, "बीबी जी, माँ सीरियस हैं. फ़ौरन बुलाया है." मी त्याला पाणी दिलं. पेला भरताना पाणी बाहेर सांडत होतं, ते दिसत होतं पण हात थांबेना.

हे कामावर बहराइचच्या पुढे गेलेले. आंधीत खांब पडले होते, कधी येतील सांगता येत नव्हतं. मुलगी कडेवर. पगाराला अवकाश. खाली घरमालकीणबाईंकडे गेले. त्या खरंच भल्या होत्या. त्यांनी मला खाटेवर बसवलं, मुलीच्या हातात बुंदी दिली, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"घबराओ नहीं बहू. कल तक कुछ इंतज़ाम कर देंगे."

कल. तो शब्द ऐकला आणि मी खाटेवरून उठले. त्यांचा काही दोष नव्हता, मंगळवारी दुपारी कुणाच्या घरात एवढे पैसे असतात? पण मला पुढचं सगळं दिसायला लागलं. उद्या. आणि उद्याची दुसरी तार.

वर येऊन बघते तर मामी खोलीत. तारवाला रस्त्यात भेटला होता त्यांना. माझी गुल्लक त्यांच्या हातात होती, कानाशी. त्यांनी हलवली. खुळखुळ खुळखुळ. एवढा आवाज की मला शरम वाटली. माझ्या टॉफ्यांचा तो आवाज होता.

मामी या वेळी काही बोलल्या नाहीत. गुल्लक खाली ठेवली आणि चपला घालून निघून गेल्या.

मी भिंतीला टेकून बसले. वाटलं, गेल्या. त्याही आता कुणाकडे तरी विचारायला गेल्या असतील, आणि त्यांनाही कुणी बसवेल, पाणी देईल, कल म्हणेल. मुलगी रडत होती. गाडी संध्याकाळची. झाशीला बदलून नागपूर, तिथून वर्धा. तोपर्यंत आई थांबेल का? ती कधीच कुणासाठी थांबायची नाही, भरभर चालायची. मला उगीच तेच आठवत राहिलं, बाजाराला जाताना ती किती पुढे असायची आणि मी मागून पळायचे.

मामी परत आलेल्या मला कळल्याच नाहीत. काही वाजलंच नाही ना. पदराखालून त्यांनी ती काळी गुल्लक काढून जमिनीवर ठेवली तेव्हा मी पाहिलं.

"मामी, ही नको."

"रजई काढ. आवाज होईन."

"ही तुमची आहे. तुमचा भाऊ आहे तिकडे, उद्या तुम्हालाच..."

"उद्या म्हणू नको!" त्या एकदम ओरडल्या. मामींना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. मग रजईत गुल्लक गुंडाळत, हळू आवाजात म्हणाल्या, "बोलावणं आलं ना? कोणाले आलं ते कायले पाहतं? वरवंटा दे."

दोन्ही फुटल्या. रजईवर नाण्यांचा ढीग झाला. नक्षीच्या कडेची दहा पैशांची पांढरी नाणी, चार आणे, आठ आणे, पिवळी कमळाची. मामींच्या गुल्लकेतली इतकी दाटून बसली होती की माती फुटल्यावरही ढेकळासारखी तशीच उभी राहिली, मग सावकाश ढासळली. मामींनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या होत्या. सारखी-सारखी नाणी रचून आम्ही पुरचुंड्या बांधल्या आणि त्या गव्हाच्या पिशवीत भरल्या.

रिक्षा निघाली आणि अडली. जागोजागी मांडव. पोरं रिक्षासमोर आडवी येऊन सरबताचे पेले पुढे करत होती. "माता जी, प्रसाद लिए बिना कैसे जाएँगी?" मामी, ज्या भाजीवाल्याशी चार गिऱ्हाइकं होईपर्यंत उभ्या राहायच्या, त्या रिक्षात अर्ध्या उठून हात जोडत होत्या.

"बेटा, रास्ता दो. आज गाड़ी पकड़ना है. आज सच में गाड़ी पकड़ना है!"

चारबाग स्टेशनला पोचलो तर तिकिटाच्या खिडकीशी ही रांग. आणि रांगेच्या कडेला पोलीस. उंच, मिशीवाला, काठी बगलेत. मामींनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि आत सगळं खळाळलं. त्यानं वळून पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे कानपूर आलं, बेड्या आल्या, ह्यांचा साहेब आला. तो सरळ आमच्याकडेच आला. काठीचं टोक त्यानं पिशवीला लावलं.

"अम्मा, क्या है इसमें?"

 मुलीला मी इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली.

मामींनी मान वर करून त्याच्या डोळ्यात पाहिलं. "इसका मायका है इसमें, भैया. माँ बीमार है इसकी. तार आया."

 त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग काठी खाली घेतली, रांगेतल्या लोकांना बाजूला सारलं आणि आम्हाला खिडकीशी नेऊन उभं केलं. बाबूनं पुरचुंडी सोडली आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला वाटलं, आता फेकून देतो. तो आत वळून ओरडला, "अरे शुक्ला जी, छुट्टा आ गया! छुट्टा!" सकाळपासून सुट्ट्या पैशांवरून लोकांशी भांडून त्याचा घसा बसला होता. त्यानं प्रत्येक पुरचुंडी अशी जपून घेतली, जशी कुणी मिठाई देतंय. तिकीट निघालं. मागच्या रांगेतले लोक नोटा नाचवत मामींना विनवायला लागले, अम्मा जी, पाँच का दे दो, अम्मा जी, इधर.

पोलीस अजून तिथेच होता. जरा लाजत म्हणाला, "अम्मा, हमें भी दो रुपये का दे देना. चाय वाला सुबह से टॉफी पकड़ा रहा है."

मामींनी त्याला दिले. उरलेली चिल्लर देऊन नोटा घेतल्या आणि त्या नोटा माझ्या चोळीत कोंबल्या. "या तुह्या. आज नोटाबी तुह्या."

गाडी हलायच्या आधी खिडकीतून हात घालून त्यांनी माझी मूठ उघडली, त्यात काहीतरी ठेवलं आणि मूठ मिटवली. मी नंतर पाहिलं. वीस पैशांचं पिवळं नाणं. रात्रभर ते मी धरून होते. झाशीला गाडी बदलतानाही सोडलं नाही.

आई भेटली. ओसरीवर बाजेवर होती, डोळे मिटलेले, तोंड लहानसं झालेलं. मी पायाशी बसले. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "तिकडं पाणी कसं आहे वं?" मी म्हटलं, गोड आहे. तिनं मान हलवली. त्या आजारातून ती उठली, पुढे काही वर्षं जगली. नातीच्या मागे भरभर चालायला लागली. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं?

लखनौला परतले तर मामी आमच्याच खोलीत, ह्यांच्यासाठी भाकऱ्या करत होत्या. पिठाचे हात तसेच ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "भेट झाली?"

"झाली, मामी. बोलली. पाणी कसं आहे विचारलं."

मामी वळल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. पाठमोऱ्याच. तशाच म्हणाल्या, "तू काय सांगतलं?"

"गोड आहे म्हटलं."

"बरं सांगतलं," मामी म्हणाल्या.

कुंभाराकडून आम्ही दोन गुल्लका आणल्या. मी माझ्यात ते पिवळं नाणं टाकलं. त्या पावसाळ्यात मामींची गुल्लकही वाजायला लागली. त्यांना त्याची मोठी मौज. शेजारणींना हलवून दाखवायच्या, "पहा, माही बी वाजते." मी टॉफी घेणं सोडलं. पहिल्यांदा दुकानात उभी राहून "हम रुकते हैं, भैया" म्हटलं तेव्हा माझा आवाज कापत होता. पण थांबले.

वर्षं गेली. ह्यांची नोकरी पक्की झाली. ते सांगायला मी आधी मामींकडे धावले होते. स्टीलची नवी नाणी आली तसे लोक तुटवड्याचे दिवसही विसरले. मग मामा निवृत्त झाले आणि त्यांनी भंडाऱ्याकडे कायमचं जायचं ठरवलं.

आम्ही चारबागला पोचवायला गेलो. सामान ब्रेकच्या डब्यात टाकलं होतं, ट्रंक बाकाखाली. गुल्लक मात्र मामींच्या मांडीवर, पदरानं झाकलेली. मी खिडकीशी उभी. म्हटलं, "मामी, आता हिचं काय काम? घरीच तर चाललात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एकदा माझ्या टॉफीच्या डब्याकडे पाहिलं होतं.

"आन् तिकडून इकडं याचं झालं तर?"

गाडी सुटली. मामींनी गुल्लक खिडकीबाहेर धरून हलवली. ते फलाट संपेपर्यंत ऐकू येत होतं, किंवा मलाच तसं वाटलं. खुळखुळ. जागा होती अजून.

त्यानंतर मी माझी गुल्लक नेमानं भरली. ह्यांना आता ठाऊक होतं, मुलगीसुद्धा शाळेतून उरलेले पैसे आणून तिच्यात टाकायची आणि विचारायची, "मम्मी, ये कब फोड़ेंगे?" मी म्हणायचे, बोलावणं आलं की. मामींचं वय झालं होतं. मला धाकधूक असायची. तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की मी बरणीमागे हात घालून बघायचे. हातासरशी आहे ना? आहे.

तार आली नाही. आलं ते कार्ड, मामांच्या हातचं, ठळक टपाली अक्षरातलं. माझे हात कणकेत होते, म्हणून मुलीनं अडखळत वाचून दाखवलं. ती गेली, असं होतं. बरेच दिवस अंथरुणाला होती. शेवटपर्यंत शुद्ध होती, तुझी आठवण काढायची. इतक्या लांबून तुला खर्चात कशाला पाडायचं, म्हणून कळवलं नाही.

मामा भले गृहस्थ. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

मुलगी कार्ड धरून उभी होती. मी फडताळाशी गेले. मिठाची बरणी बाजूला केली. गुल्लक एका हातानं उचलेना, दोन्ही हातांनी उचलली. कानाशी धरली, एक डोळा मिटला आणि हलवली.

वाजली नाही.